अण्णांचा ट्रायल लॉट

आमचे घरमालक कर्पेअण्णा गाणी पाठीने ऐकतात. म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी कमरेएवढा काळा स्पीकर आहे. तो ते चालू करतात, पुढे पोतं अंथरतात आणि देवळातल्या खांबाला टेकावं तसे त्याला पाठ लावून, डोळे मिटून बसतात. टाकीचं झाकण थडथडतं, खाली आम्हा भाडेकरूंच्या खोल्यांवरचे पत्रे वाजतात आणि अण्णांच्या तोंडावर मात्र भर दुपारी झाडाखाली बसल्यासारखं सुख.

मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, पाठदुखी असेल. स्पीकर गरम होत असणार, शेक घेत असतील. मी भीतभीत विचारलं, "अण्णा, बाम आणून देऊ का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "कशाला? गानं ऐकतोय."

मी गप्प खाली आलो. अण्णांच्या बाबतीत मी बऱ्याच वेळा असा गप्प खाली आलोय.

माझी शाळा नववीत सुटली. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडहून चाकणला आलो तेव्हा हातात फक्त एक पिशवी होती. निघोजेत खोली शोधत फिरलो. एकटा पोरगा म्हटलं की दारं लागायची. अण्णांच्या दारात उभा राहिलो तेव्हा आधारकार्ड हातातच धरलं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोंड माझ्या तोंडाजवळ आणून मोठ्याने विचारलं, "पाठांतर कसं हाय?"

"जी?"

"एकोनतीसचा पाढा म्हन."

पिशवी खांद्यावर ठेवूनच मी एकोणतीसचा पाढा म्हटला. अर्ध्यातच ते म्हणाले, "बास. रूम तुजी." त्याच आठवड्यात त्यांनी ठेकेदाराला सांगून मला त्यांच्याच कंपनीत लावलं. असा माणूस मला परक्या मुलखात भेटला, याबद्दल मी रोज देवाला हात जोडतो. पण पाढ्याचं कोडं काही सुटेना. पुढचे कित्येक महिने मला भीती, की हा माणूस एक दिवस तिसाचा विचारणार. तिसाचा सोपा असतो, तरी भीती ती भीतीच.

नाव त्यांनी माझं कधी घेतलं नाही. मी 'नांदेड'. शेजारच्या खोलीतला 'धाराशिव'.

आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवते. मोठमोठे प्रेस, वरून घण पडल्यासारखा आवाज. अण्णांचं आयुष्य प्रेसवर गेलं, आता ते लाइनच्या शेवटी उभे राहून भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून बघतात. बसला तर हिरवी खूण, नाही बसला तर लाल. नवीन भाग सुरू करायचा असला की आधी थोडेच काढून बघतात, त्याला म्हणतात ट्रायल लॉट. हा शब्द अण्णांच्या तोंडात असा बसलाय की तो कशालाही लागतो. मी पहिल्यांदा चपात्या केल्या, एकीचा आकार दुसरीला माहीत नाही. अण्णा म्हणाले, "ट्रायल लॉट हाय, रिजेक्शन येनारच." गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, तरी "सहा महिने ट्रायल लॉट, मग बघू."

आणि या माणसाचा जीव कशात, तर एका रॉक बँडमध्ये. बँडचं नाव 'तिसरी पाळी'. ही पोरं सुरुवातीला तळवड्यात एका वर्कशॉपच्या शेडमध्ये सराव करायची. अण्णा तिथे प्रेसचा साचा, म्हणजे डाय, दुरुस्तीला घेऊन गेले आणि डाय विसरून परत आले. तेव्हापासून ते त्या पोरांचे. चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सगळी हिंजवडीची संगणकवाली मंडळी, आणि मध्येच निघोजेचे कर्पेअण्णा, डीपीला बैल.

ग्रुपमध्ये केतकी म्हणून एक मुलगी आहे. मारुंजीत राहते, आयटीत कामाला. तिला लिहायचा कंटाळा, ती बोलूनच मेसेज पाठवते. अण्णा तो मेसेज कधी स्वतः ऐकत नाहीत. "बोलका मेसेज म्हंजी वेळेचा नास," असं म्हणून फोन माझ्याकडे देतात आणि लगेच विचारतात, "काय म्हनती ती? सांग, सगळं सांग."

वेळ वाचवायचाय तर 'सगळं सांग' कशाला, हे मला कळायचं नाही. फोनही ते घेत नसत. चालताना मी कायम त्यांच्या डाव्या बाजूला हवा, उजवीकडे गेलो की हाताला धरून फिरवायचे. काकू त्यांना जेवायला हाक मारत नाहीत, ताट ओट्यावर आपटतात. मला वाटायचं, नवरा-बायकोचं फार दिवसांपासून काहीतरी बिनसलंय. ओरडून बोलतात म्हणावं तर प्रेस शॉपची सगळीच माणसं ओरडून बोलतात.

तर एक दिवस केतकीचा मेसेज आला. मी ऐकला. ती जवळजवळ किंचाळत होती. "रविवारी मारुंजीला शो आहे! चार नवीन गाणी वाजवणार, चार! रेकॉर्ड करायच्या आधी आपल्यासमोर वाजवून बघणार! पण फोन बंद, कुणी शूट करायचं नाही!"

मी तसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "ट्रायल लॉट! अरं नांदेड, गान्याचा ट्रायल लॉट!" अख्ख्या लाइनवर सांगत सुटले.

आणि दुसऱ्या दिवशी एकदम उतरले. जेवेनात. काकू म्हणाल्या, "एवढं जिवावर येतंय तर जाऊ नका."

"न जाऊन कसं?"

"मग जावा."

"जाऊन तरी काय?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी भाषांतर करणार. मग अण्णा पण माझ्याकडे बघायला लागले. "तू येनार संगं."

"अण्णा, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं न्हाई. ध्यानात ठिवायचं."

रविवारी आम्हाला सुटी नसते, आमची गुरुवारी. पहिली पाळी करून तशाच गणवेशात, पायात सेफ्टी शूज, आम्ही अण्णांच्या मोटरसायकलवर मारुंजीला गेलो. शो होता एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर. कमानीवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती. खाली काळे टीशर्ट घातलेली पोरंपोरी. मला वाटलं पत्ता चुकला.

"काकाऽऽ!" केतकी धावत आली. "मला तर कालपासून काही सुचतच नाहीये. पहिलं नवीन संथ असणार, बघा तुम्ही."

तिच्याबरोबरचा चष्मेवाला म्हणाला, "काहीतरी काय! पहिलंच डोकं फोडणार."

"पैज?"

"लाव. काका, तुम्ही सांगा."

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "ट्रायल लॉट हाय. आदी गेजमदी बसू दे."

त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कळेना, आमच्या लाइनवर हेच वाक्य दिवसभर चालतं, तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

मग ते सुरू झालं. खरं सांगतो, मी घाबरलो. आख्खी पाळी प्रेसच्या आवाजात उभं राहायचं आणि सुटल्यावर तिकीट काढून परत तसल्याच आवाजात उभं राहायचं, हे काय गणित? पण अण्णा! आधी जुनी गाणी होती. अण्णांना प्रत्येक शब्द पाठ. सेफ्टी शूज घालून ते असे उड्या मारत होते, की शेजारची मंडळी पाय सांभाळत मागे सरकली. स्टेजच्या कडेला असलेल्या स्पीकरवर त्यांचे दोन्ही तळवे.

गाणारा म्हणाला, "आता नवीन." सगळे ओरडले, अण्णाही ओरडले. गाणं सुरू झालं, आणि अण्णा थांबले.

तळवे स्पीकरवरच होते. डोळे गाणाऱ्याच्या तोंडावर. पण गाणाऱ्याच्या तोंडापुढे माइक. अण्णा डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले, टाचा उंच केल्या. लोक हसले की हसत होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या की मागून टाळ्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ती नजर माझ्या ओळखीची होती. कंपनीत पहिल्या आठवड्यात साहेब भराभर इंग्रजी-हिंदीत समजावून सांगायचे, सगळे माना हलवायचे, म्हणून मीही हलवायचो. तेव्हा माझी नजर नक्की अशीच असणार.

मला पाठीचं कळलं. ताटाचं कळलं. पाढ्याचंसुद्धा कळलं. आणि हेही कळलं, की मी अर्धं गाणं अण्णांकडे बघण्यात घालवलं होतं. पुढची तिन्ही मी परीक्षेला बसल्यासारखी ऐकली. ओठांनी घोकत होतो. शेजारची पोरगी मला म्हणाली, "भारी ना?" मी तिला "शूऽ" केलं.

शो संपल्यावर केतकी आली. "काका, कसं वाटलं?"

"ओके हाय."

"शेवटचं ऐकून मी तर रडले!"

"रडनारच," अण्णा म्हणाले आणि गाडीकडे चालायला लागले.

चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. अजून उजेड होता. मी डाव्या बाजूला उभा राहिलो. या वेळी मला कुणी फिरवावं लागलं नाही. अण्णांनी ते बघितलं.

"कळलं व्हय?"

मी मान हलवली.

"उजवा कान गेला. डाव्याला थोडं हाय, तेबी चाललंय. सायबाला म्हाईत हाय, म्हनून तर प्रेसवरनं गेजवर आनलं."

"मला आधी सांगायचं की, अण्णा."

"तू कुटं इचारलंस? बाम आनतो म्हनला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "जुनी गानी आतनं वाजत्यात रं. पाठीला नुसता ठोका लागला की आख्खं गानं हुबं ऱ्हातंय. पन नवं कुटनं आनू? आत नवं जायाची वाटच बंद झाली."

 मी म्हणालो, "चारही सांगू का?"

"येकच. तुला आवाडलं ते."

मला काय आवडलं, हे चाकणला आल्यापासून कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी शेवटचं निवडलं. त्यात एक माणूस स्टँडवर बसलेला असतो. टपरीवर सगळ्यांदेखत त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून मी ओरडलो, "शेवटची बस गेली, बाक माझा झाला! थंड लोखंडाला पाठ टेकून बसलो!"

चहावाला म्हणाला, "भावा, मिळंल की दुसरी बस. ओरडतो कशाला?"

अण्णांनी ओठांनी ओळी घोळवल्या. "आता चाल."

"चाल कशी सांगायची?"

"गाडीवर बस. पाठीला तोंड लाव आन् म्हन."

मी मागे बसलो. गणवेशाला दिवसभराचा तेलाचा वास. त्या पाठीला तोंड लावून मी गायला लागलो. मला गाता येत नाही, शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायचो. ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की शेजारचे रिक्षावाले वाकून बघायचे. "काय झालं वो पोराला?" अण्णांना ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

तिसरी ओळ मला आठवेना. केतकी रडली ती तीच असणार, पण मी तेव्हा दुसरी घोकत होतो. थांबलो. पुढे अण्णांची पाठ स्थिर, वाट बघत असलेली. मग तोंडातून जे आलं ते आलं: "मुखेडची गाडी कुणी सांगेल का?" इंद्रायणीच्या पुलावर येईपर्यंत अण्णा माझ्याबरोबर म्हणत होते, आणि मी त्यांच्या पाठीतून त्यांचं गाणं ऐकत होतो. तसं ऐकता येतं. खरंच येतं.

तेव्हापासून अण्णा लाइनवर तेच गाणं म्हणतात. सगळ्या प्रेस शॉपला पाठ झालंय.

काही महिन्यांनी गाणं रेकॉर्ड होऊन आलं. अण्णांनी मला गच्चीवर बोलावलं. मी ऐकलं, तिसरी ओळ परत लावून ऐकली. त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणालो, "अण्णा, ह्यात मुखेड नाहीये."

"म्हाईत हाय. त्या पोरांना मुखेड कुटलं म्हाईत असनार? मला पुलावरच कळलं हुतं."

"मग म्हणत कशाला राहिलात?"

त्यांनी फोन घेतला आणि ग्रुपवर एका बोटाने लिहिलं, 'गाणे चांगले. पण मुखेडची ओळ काढायला नको होती.'

केतकीने पहिल्यांदाच लिहून उत्तर दिलं. 'काका, मुखेड?? अशी ओळ नव्हतीच!'

अण्णांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, 'ट्रायल लॉटमध्ये होती. तुम्ही लोक लई ओरडत होता. तुम्हाला ऐकू आली नसणार.'

आणि खांदे गदगदा हलवत हसले. मग स्पीकरसमोर जरा सरकून पोत्यावर शेजारी हात आपटला. मी बसलो, पाठ टेकवली. ठोका मणक्यात शिरला. डोळे मिटलेले अण्णा मोठ्याने गात होते आणि तिसऱ्या ओळीला गाणारा त्याचं त्याचं काहीतरी म्हणत असताना आख्ख्या निघोजेला ऐकू जाईल असे ओरडले, "मुखेडची गाडी कुनी सांगंल का?"

सूर भलतीकडेच गेला होता. मी दुरुस्त केला नाही. या भागात माझ्या गावाचं नाव एवढ्या मोठ्याने घेणारं दुसरं कुणी नाही.