खंडेनवमीचा मुहूर्त आणि संकेतस्थळाचें पतन

श्रीविद्युल्लता प्रसन्न. वीज अखंड वाहो, पडदा उजळत राहो. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशीं फराळाच्या राज्यावर जो प्रसंग गुदरला तो आम्हीं डोळां पाहिला, तैसा लिहिला. तिखटमीठ लाविलें तें चवीपुरतेंच.

राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं. चकली, चिवडा, अनारसे करावे आणि संकेतस्थळावरून मुलुखोमुलुखीं विकावे, हा त्याचा उद्योग. संकेतस्थळ हाच किल्ला, आणि किल्लेदारी उमाबाई टिळेकर यांजकडे. दिवाळी तोंडावर आलेली, वर्षाची अवघी कमाई तेव्हांच व्हावयाची. ऐशा समयीं भगवंतराव महाराजांचे मनीं आलें कीं, खंडेनवमीस शस्त्रें पूजितात, तैसा संगणक पूजावा, आणि प्रत्येक सरदारानें किल्ल्याच्या सेटिंगांत एक शुभ आंकडा स्वहस्तें घालावा. बाईंनीं विनविलें, "महाराज, दिवाळी होऊं द्या, मग काय तें फिरवा." महाराज बोलिले, "मुहूर्त कोणासाठीं थांबतो?" मग हळदकुंकू वाहिलें, आणि विसाजीपंत जाहिरातवाले यांनीं चकलीचें चित्र एकवीसपट थोर केलें, आणि नरसोजी कोठीवाले यांनीं कोठें तरी एकशेंएक लिहिलें, कोठें तें त्यांसही ठाऊक नाहीं, आणि बाकीचे सरदारही हात धुवून घेते जाहले. मग महाराज पुढें सरसावले आणि 'एका वेळीं गिऱ्हाइकें किती' या घरांत एक लिहिते जाहले, कारण कीं राज्यास धनी एकच. हें अवघ्यांनीं पाहिलें आणि न पाहिलेसें केलें. मग पहिलें गिऱ्हाइक आंत शिरलें, बाकीचीं दारावर लोटलीं, आणि किल्ला आडवा जाहला.

महाराज गर्जले, "सांजेपर्यंत किल्ला उभा करा, नाहीं तर किल्लेदारी सोडा!" बाई म्हणाल्या, "एकेक बदल मागें घेऊं आणि पाहूं." तों विसाजीपंत उसळले, "पहिला आमचाच कां? आम्ही काय उपरे?" नरसोजी म्हणाले, "आमचा काढाल तर दरबारांत तोंड कसें दाखवूं?" तेव्हां ज्याचा आंकडा काढिला त्यास शाल-श्रीफळ देणें प्राप्त जाहलें, आणि शाली सरल्या तेव्हां टॉवेल दिले. सरदारांचे अवघे आंकडे निघाले, तरी किल्ला उठेना. मग बाई उभ्या राहिल्या, आणि आम्ही सारे जमिनीकडे पाहत होतों. बाई म्हणाल्या, "महाराज, राहिला तो आपला."

"आमचा आंकडा चुकला म्हणतां?"

"चुकला नाहीं, महाराज. पण आपण दर्शन एकालाच देतां, आणि बाहेर हजारों लोक तिष्ठत आहेत."

महाराज विरघळले, पांच हजार लिहिते जाहले, आणि किल्ला ताडकन उठला. मग मिशीवर हात फिरवून म्हणाले, "पाहिलेंत? आमचा हात लागला तेव्हांच उठला!" दरबारानें जयजयकार केला. बाईंची किल्लेदारी राहिली, याचा आम्हांस मनापासून आनंद जाहला.

पुढील खंडेनवमीस महाराजांपुढें नवा, फुलांनीं मढविलेला कळफलक मांडिला. त्याची तार मेजाखालीं नुसती लोंबत होती. महाराजांनीं मुहूर्त साधून सात लिहिले, बाईंनीं सर्वांआधीं टाळ्या वाजविल्या, आणि दिवाळीभर किल्ला हालला नाहीं. येणेंप्रमाणें राज्य राखिलें.