बोरजाई आणि पळसखोरे : एक तुलनात्मक अहवाल

वडूजपासून आत गेलं की एकमेकांपासून सात किलोमीटरच्या अंतरानं बोरजाई आणि पळसखोरे ही दोन गावं लागतात. दोन्ही गावांत एकेक सरकारी हायस्कूल आहे. ही बाब बरीच वर्षं वरच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. यंदा आली. दोहोंत चांगली शाळा कोणती, हे ठरवायला त्रिसदस्यीय तुलना समिती नेमण्यात आली. साठाच्या आत पट असलेली शाळा बंद करावी, असंही आदेशात होतं. पण ते खाली, बारीक अक्षरात.

बोरजाईचा पट एकेचाळीस. त्यातली एक संयोगिताची सृष्टी, आठवीतली. सृष्टीचे वडील फौजेत, सुट्टीपुरते घरी. घरात शब्द चालायचा तो सासूबाईंचा, राहीबाईंचा. आणि तो देऊन झाला होता. "गावात शाळा हाय तवर शिकू दे. पर सात किलोमीटर माळानं मी पोर धाडायची न्हाई." संयोगिताची स्वतःची शाळा आठवीलाच सुटली होती. पुढची शाळा तिच्याही माहेराहून सात किलोमीटरच होती.

म्हणून मुख्याध्यापक नाथाजी सरांनी समितीच्या जेवणासाठी आया गोळा केल्या, तेव्हा ती सगळ्यांत आधी पोळपाट घेऊन हजर झाली.

दोन्ही शाळांची तपासणीच्या वेळची एक जुनी रीत होती. सूक्ष्मदर्शक एक, जगाचा नकाशा एक, मानवी सांगाडा एक. सकाळी जिथं साहेब, तिथं सांगाडा. दुपारी साहेब दुसरीकडं निघाले की त्यांच्या आधी सांगाडा दुधाच्या टेम्पोनं पोचायचा. रस्त्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दचकू नये म्हणून त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याला ड्रायव्हरशेजारी बसवत. पळसखोऱ्याचा पट अडतीस. तिथल्या मुख्याध्यापकांनी फोनवर साधाच प्रश्न केला, "सांगाडा जातोय, तर पोरं का न्हाई?"

एकेचाळीस आणि अडतीस, एकूण एकोणऐंशी. आदेशाचं समाधान झालं.

समितीनं सकाळी बोरजाईत एकोणऐंशी विद्यार्थी मोजले. मग जेवणाची पंगत बसली आणि मागच्या दारानं टेम्पो भरायला लागला. त्याला दोन खेपा कराव्या लागणार होत्या.

"वहिनी," नाथाजी सर चुलीपाशी येऊन हळूच म्हणाले, "पळसखोऱ्यातनं फोन येईस्तवर साहेबांना उठू द्यायचं न्हाई."

संयोगितानं पुरणपोळी वाढली. समितीचे अध्यक्ष धनपाल चौगुले ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "बास ताई."

"आवं साहेब, दोन पोळ्यांनी काय हुतंय? कटाची आमटी तर अजून चाखली बी न्हाई तुमी."

पाचव्या पोळीला फोन वाजला. साहेबांना दोघांनी धरून उठवलं.

संध्याकाळी सृष्टी टेम्पोतनं उतरली. संयोगितानं तिच्या केसांतली धूळ झटकत विचारलं, "काय झालं गं तिकडं?"

"साहेबांनी परत माझं नाव विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, सकाळी सांगितलं तेच."

संयोगिताचा हात थांबला. "आगं बाई! मग?"

"शाब्बास म्हणाले. उत्तरात सातत्य आहे म्हणाले."

महिन्यानं अहवाल आला. दोन्ही शाळांना शंभरपैकी एक्याण्णव गुण होते. विद्यार्थी समान, त्यांची नावं समान. दोन्ही सांगाड्यांची डावी करंगळी सारखीच गहाळ. 'गुणवत्तेत तसूभरही फरक न आढळल्याने,' समितीनं लिहिलं होतं, 'सात किलोमीटरच्या आत एकाच शाळेच्या दोन प्रती चालवणे समर्थनीय नाही. अद्ययावत स्थितीनुसार, म्हणजे दुपारी तीन वाजता, सर्व विद्यार्थी पळसखोरे येथे आढळल्यामुळे बोरजाई हायस्कूल बंद करण्यात यावे. विद्यार्थ्यांच्या वाहतुकीची सोय आधीपासूनच असल्याचे दिसते.'

टेम्पो दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा दूध वाहू लागला. राहीबाईंनी शिवणाच्या क्लासची चौकशी केली.

गाव मात्र पेटून उठलं. पारावर भर दुपारी निषेध सभा भरली. ज्यांची मुलं त्या शाळेत होती ते रोजगारावर गेले होते; त्यामुळे सभेला सवड असलेले सगळे आले. उपसरपंच वीरधवल माइकवर कडाडले, "मराठी शाळा ही आपली आई हाय! आईला आमी मरू देणार न्हाई!" टाळ्या थांबेनात. संयोगिता हरकतीचा अर्ज घेऊन फिरत होती. दोनशे तेरा सह्या झाल्या. तिला वाटलं, आता काय बिशाद आहे शाळा बंद व्हायची.

एवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. इस्लामपूरच्या एका इंग्लिश स्कूलच्या वडूज शाखेची पिवळी बस आली होती. वीरधवलनी माइक शेजारच्याच्या हातात दिला. शेजाऱ्यानं तो खुर्चीवर ठेवला. पाच मिनिटांत सगळा पार आपापलं पोर, दप्तर, टाय आणि पाण्याची बाटली घेऊन घरी गेला. मागं संयोगिता उरली, आणि तिच्या पदराशी सृष्टी.

हरकतीवर लगेच उत्तर आलं. अर्जात चौथा रकाना होता: 'पाल्य सध्या कोणत्या शाळेत आहे?' दोनशे बाराजणांनी तो मोकळा सोडला होता. 'बाधित व्यक्ती एक असल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे.'

संयोगितानं नवा अर्ज केला आहे. सहीला भरपूर जागा आहे. हे वाचून ज्यांना हळहळ वाटली, त्यांनी जरूर सही करावी. फक्त आधी चौथा रकाना भरावा.