‘आहेस ना?’ विचारणाऱ्या ओळीची सुनावणी

कर्नेलच्या लायब्ररीतली, म्हणजे तयार कोडच्या साठ्यातली, ओळ काढायची तर आधी तिला समक्ष बोलावून तिचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून सोमवारी सकाळी ती ओळ सांगलीच्या ऑफिसात हजर झाली. अंगाने बारीक पण लांब, त्यामुळे लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने आली. वळणावर जरा दुमडावं लागलं, एवढंच.

विभावरी पाटणकरने तिला खुर्ची दिली. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला, बाकी सगळ्यांना कामाला लावणारा भाग. त्यात कुणी काही बदललं की ते तपासून हो-नाही म्हणायचं काम विभावरीचं. ऑफिसात तिला ब्रेक म्हणत. तिची काही तक्रार नव्हती. पंचेचाळिशीची बाई मेथीची जुडीसुद्धा सोडून बघते, तिथे हे तर कर्नेल.

ऑफिसातला कनिष्ठ अभियंता शार्दूल माने याने एवढी एकच ओळ काढायची ठरवली होती. ओळीचं काम असं, की लायब्ररीने कुणाला आत घ्यायच्या आधी दारात उभं राहून विचारायचं, ‘आहेस ना?’ शार्दूलचं म्हणणं, आजवर प्रत्येक जण ‘आहे’ असंच म्हणालाय, मग दर वेळी अडवायचं कशाला? ओळ शांतपणे म्हणाली, नसलेला माणूस ‘नाही’ कसा म्हणेल; तो गप्प राहतो, त्यावरून कळतं. पण अजून कुणी गप्प राहिलेलं नाही, हे तिलाही कबूल होतं.

इथे एक घोटाळा झाला. सुनावणीला ओळीची नक्कल बोलवायची पद्धत आहे. शार्दूलने हौसेने चालू मशीनमधली ओळच उचलून आणली होती, आणि ऑफिसची हजेरी त्याच मशीनवर लागायची. हे लक्षात येईपर्यंत चहा आला. चहा आणणारा माणूस कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

ऑफिसात कनिष्ठ अभियंत्याची दुसरी जागा मंजूर होती, पण कधी भरलीच नव्हती. दारात विचारायला कुणी नाही म्हटल्यावर मशीनने तिथेही हजेरी लावली, आणि हजेरी लागली म्हटल्यावर माणसाला यावं लागलं. इस्त्रीचा शर्ट, बगलेत डबा. नाव विचारलं तर म्हणाला, दुसरा कनिष्ठ अभियंता. म्हणून सगळे त्यांना दुसरेसाहेब म्हणू लागले.

दुपारपर्यंत दुसरेसाहेबांनी गळका एसी दुरुस्त केला, कोडमध्ये कुणी कधी न लिहिलेल्या टिपा लिहिल्या आणि जेवताना सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी वाढली. चटणी विभावरीच्या आईच्या चटणीपेक्षा चांगली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही, आईला तर नाहीच.

आता पंचाईत अशी, की ओळ जागेवर परत गेली की दुसरेसाहेबांना विचारणार. ते नसल्यामुळे गप्प राहणार, आणि खुर्ची रिकामी. बदल मंजूर केला तर ते राहतील, पण मग जगभरची यंत्रं नसलेल्या गोष्टी धरून चालतील, आणि एखादं विमान नसलेल्या धावपट्टीवर उतरेल. नोकरीत पहिल्यांदाच विभावरीला डोळे झाकून ‘चालेल’ लिहावंसं वाटलं.

तिने लिहिलं, ‘ओळ राहू दे.’

शार्दूल वाद घालेल असं तिला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, की हे विचारणं उद्यावर ढकलता नाही का येणार? ओळ म्हणाली, दारात उद्या नसतो. मग सगळ्यांना नमस्कार करून ती मशीनमध्ये आपल्या जागी जाऊन उभी राहिली. हजेरी नव्याने सुरू झाली. एकेक जण ‘आहे’ म्हणत गेला.

“दुसरा कनिष्ठ अभियंता,” ओळ म्हणाली. “आहेस ना?”

दुसरेसाहेब पाठमोरे उभे राहून कप विसळत होते. उत्तर आलं नाही. ओळ वाट बघत राहिली. शार्दूलने मान खाली घातली.

उत्तर सुचवायला नियमात बंदी आहे. नळ बंद करायला नाही. विभावरी उठली, तिने नळ बंद केला.

“मला म्हणताय होय?” दुसरेसाहेब वळून म्हणाले. “आहे की. फडकं कुठं असतं इथं?”

माणूस गप्प राहिलेला नव्हता. तिला तेवढंच बघायचं असतं. ती बाजूला झाली. शार्दूलने फडकं धावत नेऊन दिलं आणि विनाकारण टाळी मागितली. दुसरेसाहेबांनी ओल्या हाताने दिली.

ऑफिस सुटल्यावर विभावरीने स्कूटी काढली आणि विचारलं, कुठे सोडू?

“तुम्ही चला तर ताई,” डबा सावरत मागे बसून ते म्हणाले, “वाटेत लागेल.”

विश्रामबागेच्या अलीकडे घर लागलं. बायकोने दार उघडलं आणि आज एवढा उशीर का, म्हणून विचारलं.