मास्तरांचा कडक ‘स’

“आई आणि तुझे बाबा एका टेबलावर बसू देत, दहा मिनिटांत गट्टी जमते की नाही बघ,” रोकेने निएवेसला छातीठोकपणे सांगितलं होतं. हॉटेलात मागणीचं जेवण होतं. रोकेची आई आंगुस्तियास दोन गाड्या बदलून स्पेनच्या पार दक्षिण टोकाच्या कादिसहून उत्तरेतल्या वायादोलिदला आली होती, पर्समध्ये होणाऱ्या सुनेसाठी सोन्याचं कडं घेऊन.

रोकेला एक खोड होती आणि ती त्याच्या स्वतःच्याही ध्यानात यायची नाही. समोरचा जसा बोलेल, तशी याची जीभ वळायची. निएवेसचे वडील एवेलियो मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलेलं. त्यांच्यापुढे रोकेचा एकेक ‘स’ इस्त्री केल्यासारखा कडक. आईपुढे मात्र कादिसच्या रिवाजाने शब्दाचं शेपूट, म्हणजे शेवटचा ‘स’च, गिळून टाकायचा. आजवर दोघं त्याच्यासमोर एकदम आले नव्हते, एवढंच.

“कोकरू कसं झालंय रे?” मास्तरांनी विचारलं.

“उत्तम, मास्तर.” अक्षर न् अक्षर खणखणीत. लगेच मान वळवून, “आई, घे ना अजून,” हे मात्र अर्धं घशात.

मास्तरांचा काटा हवेत थांबला. “सख्ख्या आईची नक्कल करतोस? माझ्यादेखत?”

“माझी कसली, तुमची करतोय तो,” आंगुस्तियास कडाडली. “काय रे, इथे येऊन आईची लाज वाटायला लागली?”

“नाही गं आई,” रोकेने गिळत सांगितलं. “तसं नाही हो मास्तर,” खणखणीत सांगितलं. जितका खुलासा करावा तितका गुन्हा वाढत चालला! त्यात वाढपी निघाला थेट अर्जेंटिनाचा, ब्वेनोस आयरेसचा. त्याने वाइनचं विचारलं आणि रोकेने त्याच्याच हेलात उत्तर दिलं. वाढप्याचंही तोंड वाकडं झालं.

आंगुस्तियासने कड्याची डबी परत पर्समध्ये टाकली. “चल घरी. नको हे लग्न.”

निएवेसशिवाय दिवस कसा काढायचा, हेच रोकेला सुचेना. इकडे पोराला कोणी बिघडवलं यावरून मास्तरांची आणि आंगुस्तियासची जुंपली, ती चांगली वीस मिनिटं. कोणी हटायला तयार नाही.

निएवेस मध्येच उठली. “बाबा, आत्ता म्हणालात ते पुन्हा म्हणा बघू.”

मास्तर तावातावाने पुन्हा म्हणाले. त्यांचा तो कडक ‘स’ शब्दाच्या शेवटी औषधालाही नव्हता. थेट आंगुस्तियाससारखा गिळला होता!

मास्तरांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. आंगुस्तियासने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, डबी काढली आणि कडं निएवेसच्या हातात घातलं. “माणूस वाईट नाही,” ती रोकेला म्हणाली, “शिकतोय.”

निएवेस वडिलांच्या कानाशी लागली. “बाबा, घरी पोचेपर्यंत तोंड उघडू नका. जिन्यात तुमचे जुने विद्यार्थी भेटतात.”