दहा मीटरवरचे व्यंकटमामा

व्यंकटमामांशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. त्यांना कमी ऐकू येत नव्हतं, कान चांगले तिखट आहेत. पण ते माणसापासून दहा मीटर लांब उभे राहायचे. माझं केजला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मामा समोरच्या चहाच्या टपरीपाशी थांबायचे आणि रस्त्यापलीकडून विचारायचे, "शीतल, माझ्या पासपोर्टाचं काय झालं?" मध्ये एसटी आडवी आली की उत्तर अर्धंच पोचायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. मी मुळातच तापट, त्यात हा घसा फोडायचा उद्योग.

कारण एवढंच की मामांना युगांडाच्या जंगलात जाऊन गोरिला बघायचा होता. तिथे गोरिलापासून दहा मीटर लांब राहायचा नियम आहे. "आत्तापासून सवय केलेली बरी," मामा म्हणाले. "ऐनवेळी पाय पुढं पडला म्हंजे?" दहा मीटरचा अंदाज चुकू नये म्हणून त्यांनी म्हशींची जुनी दावी जोडून दोरी केली होती. ती खांद्यावर टाकून हिंडायचे. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले, तर मामा अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. हवालदार एक पाऊल पुढे, की मामा एक पाऊल मागे. शेवटी मामींनी मध्ये पडून चहा दिला, म्हणून निभावलं.

मामा आमच्याच गल्लीत राहतात. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून निवृत्त झाले. जनावर धरायचं, जखम धुवायची, सुई टोचायची, हे त्यांचं काम. तालुक्यातलं एकही जनावर त्यांच्या हातून सुटलं नसेल. त्यामुळे मामा रस्त्याला लागले की शेळ्या ओट्यावर चढायच्या आणि कुत्री शेपूट घालून पसार व्हायची. गल्लीच्या तोंडाशी कोंडाबाईंची म्हैस बांधलेली असते. मामा लांबून दिसले तरी ती दाव्याला हिसके द्यायची. दोनदा खुंटा उपटून पळाली. आम्ही पोट धरून हसायचो. मामाही हसायचे आणि म्हणायचे, "वळखलं बघा मला."

माणसांनाही ते जनावराच्याच मापाने मोजतात. कोणी आजारी म्हटलं की पहिला प्रश्न, "नाकाड ओलं हाय का?" गुराचं नाकाड ओलं असलं की तब्येत ठीक, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. माझ्या सासूबाईंनाही त्यांनी तोंडावर हेच विचारलं होतं. गोरिलांची ओळख नाकाच्या ठशावरून पटवतात, हे मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं, तेव्हा मामा इतके खूश झाले की दोरी विसरून पार माझ्या काउंटरपर्यंत आले. "बघ, मी काय म्हणत व्हतो? नाकाडच!"

फॉर्म भरताना मी विचारलं, "प्रवासाचं कारण काय लिहू?"

"भेट."

"कोणाची?"

"कोणाची म्हंजे? त्याचीच."

मी 'पर्यटन' लिहिलं.

तयारी मात्र जबरदस्त. पाठीवर बाजरीचं पोतडं बांधून मामा आठवड्यातून दोनदा धारूरचा किल्ला चढायचे. जंगलात मुंग्या पायात शिरतात म्हणून पँट मोज्यात खोचलेली. गोरिलाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, खाली बसायचं, घशातून हळू हुंकार द्यायचा, हे सगळं त्यांनी पाठ केलं. मामींनी जेवायला हाक मारली की मामा खाली बघून "म्म्ह" करायचे. तुम्ही का नाही जात, असं मी मामींना विचारलं. "मी कशाला जाऊ गं तेवढ्या लांब?" मामी म्हणाल्या. "माझ्या घरात हायच की एक."

घोडं अडलं ते शिंकेपाशी. मामांना धुळीचं वावडं, धूळ नाकात गेली की शिंकांची माळ लागते. आणि नियम असा, की ज्याला सर्दी, शिंका, खोकला आहे त्याला गोरिलाजवळ सोडत नाहीत. माणसाची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. परवाना एका दिवसाचा, भेट एका तासाची. तो दिवस गेला की सगळं मुसळ केरात. मी हे वाचून दाखवल्यावर मामा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मी बी सोडलं नसतं."

तेव्हापासून त्यांच्या घरात झाडू बंद, ओलं फडकं सुरू. फोडणीही बंद. मामींनी चार महिने बिनफोडणीचं वरण खाल्लं. "आफ्रिकेला जाणार हे, आन पथ्य मला," एवढंच त्या म्हणायच्या.

पिवळ्या तापाची लस घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मामांचं पाणी पाणी झालं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचल्या, तो सुई बघून दारापर्यंत गेला. मामींनी मागून मान धरली आणि मामा म्हशीला म्हणायचे तेच म्हणाल्या, "हुभं ऱ्हा. पळायचं न्हाई." परतल्यावर हे सांगताना मामींना हसू आवरेना. मामा हसले नाहीत. दंड चोळत म्हणाले, "आता कळलं, ती म्हस मला बघून कावून पळत व्हती." मी ते बोलणं मनावर घेतलं नाही.

आता माझी चूक सांगते. आमच्याकडे कोणी साधा ग्रामपंचायतीत निवडून आला तरी हलगी, हार, गुलाल होतो. मग आफ्रिकेला निघालेल्या माणसाला गल्लीने तसंच सोडायचं? वर्गणी मी जमवली. फ्लेक्स मी छापला. गुलालही मीच आणला. सगळं ठाऊक असून आणला, कारण बिनगुलालाचा सत्कार माझ्या डोक्यातच बसेना. मामा फ्लेक्सपुढे येऊन आधी म्हणाले, "शीतल, हा गोरिला न्हाई, चिंपांझी हाय." तेवढ्यात कोणीतरी पोतं उधळलं. मामा नखशिखांत गुलाबी झाले आणि शिंकायला लागले. हलगी थांबली तरी शिंका थांबेनात. आठव्या दिवशी गोरिलाची भेट होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामींनी ओव्याच्या पुरचुंडीने शेक दिला, वाफ दिली. पुण्याहून सहलीचा गट निघायचा होता. मामा गाडीत बसले तेव्हाही नाकाला रुमाल होता. मी म्हटलं, "मामा, तिथे काही बोलू नका. शिंक दाबून धरा."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "जन्मभर जनावरांचा रोग काढला. आता रोग द्यायला जाऊ व्हय? शिंक थांबली तर चढीन. न्हाई थांबली तर खालूनच राम राम करून येईन."

भेटीच्या दिवशी मी दुकान उघडलं, पण तीन जणांचे उतारे चुकीचे काढले. गिऱ्हाइकांवर खेकसले. संध्याकाळी मोबाईल वाजला. फोटो होता. हिरव्यागार पाल्यात पांढऱ्या पाठीचा एक अवाढव्य गोरिला बसलेला, आणि पुढच्या कोपऱ्यात मास्क लावलेले, पँट मोज्यात खोचलेले व्यंकटमामा. मी दुकानातच रडले. मग फोटोची मोठी रंगीत प्रत काढून गल्लीत त्या चिंपांझीवर चिकटवली.

मामा परत आले ते थेट माझ्या दुकानात, आणि स्टुलावर टेकले. दोरी नव्हती.

"शिंक?" मी विचारलं.

"दोन दिस आधीच बंद झालती. तरी मी गाईडला गुलालाचं सगळं सांगितलं. त्यानं ताप मोजला, घसा बघितला, मग सोडलं. साडेतीन तास चढलो. मी बसलो खाली, मान खाली घातली, हळूच म्म्ह केलं. त्यानं बघितलं माझ्याकडं. मला वाटलं, आता उठतो. न्हाई उठला. पाला खात बसला माझ्यासमोर, पुरा तास."

मामांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. "पळाला न्हाई गं, शीतल. मला बघून एक बी जनावर थांबलं न्हाई आजवर. तुमी हसायचे, मी बी हसायचो. लई वाटायचं, एकदा कोणीतरी थांबावं."

मी चहा सांगितला.

हल्ली रोज संध्याकाळी मामा ती दोरी घेऊन कोंडाबाईंच्या म्हशीपुढे जातात. दहा मीटरवर उकिडवे बसतात, मान खाली घालतात, हुंकार देतात. पहिल्या आठवड्यात तिने खुंटा हलवला. मग नुसते कान हलवले. मामा रोज दोरीची एक वीत गुंडाळतात. काल दुकान बंद करून मी तिथून आले, तर दोरी पूर्ण गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. म्हैस बसून रवंथ करत होती आणि मामा तिचं नाकाड बघत होते.

"ओलं हाय," ते मला हळूच म्हणाले.