मुळे सरांचा ळ

मुळे सरांच्या टीममध्ये यायचं तर उंची नंतर, आधी जीभ. मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक पोराने "काळ्या तळ्यात पिवळी केळी" तीनदा म्हणायचं. एकदा जरी "केली" झालं, की मैदानाला दोन फेऱ्या. आता आमचं कॉलेज ग्वाल्हेरात. पोरं भिंड-मुरैन्याची, घरात हिंदी. ळ त्यांच्या सात पिढ्यांत कोणी उच्चारलेला नाही. त्यामुळे आमची बास्केटबॉल टीम खेळायला कशीही असो, पळायला अख्ख्या जिल्ह्यात एक नंबर.

"आपटे, जीभ वळली की पाय वळतो," हे सर मला आठवड्यातून चारदा तरी ऐकवत. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. टीमबरोबर एक मॅनेजर लागतो, आणि स्टाफमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच उरलेलो, म्हणून प्राचार्यांनी मला सरांच्या गळ्यात बांधलं. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी पाण्याच्या बाटल्या मोजतो.

सर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या मागे राहतात, आमच्यापासून तीन घरं सोडून. त्यांची दुसरी खोड म्हणजे "अर्धाच". कॅन्टीनवाला कप भरू लागला की "अर्धाच", समोसा पुढे केला की "अर्धाच". उरलेला अर्धा कायम माझ्या बशीत. माझं पोट सुटलं ते मुळे सरांमुळे, असं आमच्या घरी सर्वमान्य आहे.

गेला सीझन सरांचा शेवटचा. मार्चमध्ये निवृत्ती, आणि इतक्या वर्षांत टीम एकाही मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचलेली नव्हती. "जाताना एक फायनल बघून जाईन," म्हणाले, आणि त्यांनी एक युक्ती काढली. खेळातल्या सगळ्या खुणा मराठीत, आणि प्रत्येकीत ळ. 'गूळ' म्हणजे आपापल्या माणसाला चिकटा. 'पातळ' म्हणजे पांगा. आणि 'पोळी' म्हणजे बास्केटखाली शिरून गर्रकन उलटा.

युक्ती चालली की हो. आसपासच्या टीमना काही पत्ताच लागेना. एक कोच तर माझ्याकडे लायब्ररीत आले. "आपटे जी, ये गूल कौन सा शब्द है?" मी गंभीर चेहऱ्याने त्यांच्यापुढे संस्कृतचा कोश ठेवला. बिचारे तासभर पानं उलटत होते.

घोडं अडलं कॅप्टनपाशी. सिकरवार मुरैन्याचा, सव्वासहा फुटी पोरगा. खेळ अव्वल, पण 'पोळी' काही जमेना. कधी 'पोली', कधी 'पोड़ी'.

"सर, मेरी ज़ुबान में हड्डी है."

"मग मोडू या. पळ."

"पल?"

"अजून एक फेरी."

असं करत करत आम्ही इंदूरच्या स्पर्धेत चक्क सेमीफायनलला पोचलो. समोर नागपूरचं कॉलेज. सरांनी पहिल्याच मिनिटाला "गूळ" असा पुकारा केला, आणि नागपूरचा एक बुटका पोरगा आपल्या गड्यांना म्हणाला, "अबे, चिकटून राहिले ना हे, पांगा!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. मराठी समोरच्यालाही येऊ शकते, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? बाड्यावरच्या बाजारात भाव करताना, टेंपोत शेजारच्याची टिंगल करताना, जन्मभर तीच आमची गुपचूप भाषा.

तरी पोरं जिद्दीने खेळली. शेवटच्या मिनिटाला फक्त दोन गुणांनी मागे. मी सरांची बाही ओढली. "सर, काहीतरी बदला. हिंदीत सांगा." सरांना फायनल दिसत असावी डोळ्यांसमोर, एकदम ओरडले, "रोटी!"

आमची पाचही पोरं जागच्या जागी उभी. सिकरवार बॉल हातात धरून वळला. "रोटी मतलब, सर?"

तेवढ्यात त्या बुटक्याने बॉल पळवला. चार गुणांनी हरलो.

वर तीच नागपूरची पोरं सरांच्या पाया पडायला आली, आणि आमचे सर त्यांच्यात तासभर बसले. गाव कुठलं, आई काय करते, सावजी भाजी तिखट असते का. मला राग आवरेना. परतताना सकाळी गुना स्टेशनवर डब्यातच चहा घेताना मी बोललोच. "सर, त्यांनी आपल्याला हरवलं. तुम्ही त्यांचा पाहुणचार काय करता?"

"आपटे, तुमच्या घरी वहिनी आहेत. दिवसभर बोलतात."

"तेच तर दुःख आहे."

सर हसले नाहीत. "सुलूला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा गुडगावला. नातू फोनवर हिंदीत बोलतो, गोड बोलतो. पण घरात ळ नाही हो. ती स्वयंपाकघरातून विचारायची, 'पोळी वाढू का?' मी म्हणायचो, 'अर्धीच.' ती अख्खी वाढायची. या पोरांकडून रोज तेवढा एक शब्द कानावर पडायचा. काल मी त्याचीही रोटी केली."

मला स्वतःची लाज वाटली. तीन घरं सोडून राहतो मी, आणि दोन वर्षांत एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. वरच्या बर्थवर सिकरवार पाठ करून पडला होता. झोपलाय असं मी धरून चाललो.

मार्चमध्ये कॉलेजात हारतुरे झाले, भाषणं झाली. संध्याकाळी अख्खी टीम सरांच्या घरी थडकली. बरोबर कणीक, भाज्या आणि कुणाच्या तरी आईचं पोळपाट-लाटणं. सरांना आणि मला टेबलाशी बसवलं आणि सगळे आत घुसले. आत बराच वेळ आदळआपट, मग जळका वास, मग कुणीतरी कुणालातरी गप्प केलं.

आणि आतून सिकरवारचा आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर जपून.

"सर, पोळी वाढू का?"

ळ अगदी स्वच्छ. सर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

"अर्धीच," सर म्हणाले.

सिकरवार बाहेर आला आणि त्याने अख्खी वाढली.