हात, नाक आणि चौकट क्रमांक नऊ

गुरुनाथ देवस्थळीने कोणत्याही पाकिस्तानी माणसाशी हात मिळवायचा नाही, असा ठराव कुक सामुद्रधुनी मराठी मंडळाने एकमताने मंजूर केला. ठराव अर्थात सर्व सभासदांसाठी होता. पण दोनशे बारा सभासदांपैकी एखाद्या पाकिस्तान्याला नावानिशी ओळखणारा गुरुनाथ एकटाच निघाल्याने व्यवहारात तो त्याच्यापुरताच उरला.

पार्श्वभूमी अशी. दुबईतल्या एका क्रिकेट सामन्यानंतर दोन्ही संघांनी हात मिळवले नाहीत. बातमी वेलिंग्टनला सकाळच्या चहासोबत पोचली आणि त्याच शनिवारी दुपारी जॉन्सनव्हिलमध्ये तातडीची सभा लागली. मंडळाचा अध्यक्ष सुशांत बोकील याने प्रश्न टाकला की आपण इथे बसून देशासाठी काय करतो. सभा गंभीर झाली. मागच्या रांगेतून कोणीतरी सुचवलं की परत जाता येईल. ही सूचना विषयपत्रिकेत नसल्याने विचारात घेतली गेली नाही.

मसुदा लिहायला गुरुनाथलाच सांगण्यात आलं. तो एका सरकारी खात्यात धोरणविषयक टिपणं लिहायचा. कोणतंही वाक्य, कोणावरही जबाबदारी न येता, पूर्ण करण्यात त्याचा हातखंडा होता.

*ठराव क्र. १४. मंडळाचा कोणताही सभासद, पुढील सूचना मिळेपर्यंत, पाकिस्तानी नागरिकत्वाच्या, वंशाच्या अथवा तसा वाजवी संशय येणाऱ्या व्यक्तीशी उजवा, डावा अथवा दोन्ही हात मिळवणार नाही. ‘हात’ या संज्ञेत कोपर, मूठ व टाळी यांचा समावेश होईल. ठरावभंग करणाऱ्यास मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढण्यात येईल.*

शेवटचं वाक्य सुशांतने घालायला लावलं. परदेशात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला ग्रुपवरून काढणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही तो नशीबवान. गणपतीची जागा, नारळ कुठे स्वस्त, कोणाची आई भारतातून येतेय आणि तिच्यासोबत लोणचं मागवता येईल का, हे सगळं त्या ग्रुपवर असायचं. मंदाकाकूंनी विचारलं, बांगलादेशींचं काय. त्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

—

आता ज्याच्यापासून हात वाचवायचा होता, तो माणूस.

तौसीफ कुरेशी, लाहोरचा, टावा स्टेशनवर सात बावीसच्या ट्रेनला चढायचा आणि गुरुनाथच्या शेजारी बसायचा. चार वर्षं. भांडण पहिल्या आठवड्यापासून होतं आणि त्याला वेळापत्रक होतं. रेडवूडपर्यंत आंबा: हापूस की चौसा. टाकापू रोडपर्यंत चहा. त्यानंतर ट्रेन लांब बोगद्यात शिरायची, आणि राजकारण फक्त बोगद्यात. आत इतका आवाज असायचा की काश्मीर, पाणी, फाळणी, सगळ्यावर दोघं तावातावाने बोलायचे आणि एकाचं दुसऱ्याला अक्षर ऐकू यायचं नाही. बाहेर बंदर दिसलं की तौसीफ म्हणायचा, “तो फिर, मान गए ना?” आणि गुरुनाथ म्हणायचा, “बिलकुल नाही.” उतरताना दोघांचंही पोट भरलेलं असायचं.

चार वर्षांत त्यांनी एकमेकांशी हात मिळवल्याची एकही नोंद नाही. रोज भेटणारी माणसं हात मिळवत नाहीत. ठराव झाल्यावर मात्र गुरुनाथला पहिल्यांदाच जाणवलं की तौसीफला हात आहेत.

सोमवारी त्याने ठरावाची गोष्ट सांगून टाकली. तौसीफ इतका हसला की समोरच्या बाईंनी कानातली यंत्रं काढून पाहिलं. मग म्हणाला की त्याच्या अंजुमनमध्येही, म्हणजे इथल्या पाकिस्तान्यांच्या मंडळातही, हेच चाललंय, पण तिथे कोणाला धड लिहिता येत नाही.

“गुरूभाई, अपना वाला ड्राफ्ट भेज दो,” तो म्हणाला. “मुल्क का नाम बदल लूँगा.”

गुरुनाथने इंग्रजी करून पाठवला. चांगल्या मसुद्याचा उपयोग व्हावा, असं कोणत्याही धोरण लिहिणाऱ्याला वाटतं.

—

इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते गुरुनाथला नोकरी लागल्यामुळे.

नोकरी म्हणजे बढती. सहा वर्षांत अकरा मुलाखती झाल्या होत्या. अकराही ठिकाणी ‘इथल्या कामाच्या पद्धतीची थोडी अधिक सवय हवी’ असं सौम्य उत्तर मिळालं होतं. बाराव्या जागेची खबर तौसीफनेच दिली, कारण ती त्याच्याच खात्यात होती. मुलाखतीत काय विचारतात तेही त्यानेच बोगदा वाया घालवून, कानात ओरडून सांगितलं. गुरुनाथ टीम मॅनेजर झाला. पहिले नव्वद दिवस चाचणीचे. बायको विनया, जी पोरिरुआत फार्मसिस्ट आहे, तिने त्या दिवशी पुरणपोळी केली आणि सासूला पुण्याला व्हिडिओ कॉल लावून दाखवली.

नव्या माणसाचं स्वागत खात्यात इथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरी रीतीने व्हायचं. व्हेतू नावाच्या बाई ते पाहायच्या. त्यांनी ईमेलमध्ये नीट समजावून सांगितलं होतं: पाहुणा आपली माणसं घेऊन येतो. दोन्हीकडून भाषण होतं, भाषणानंतर गाणं. मग पाहुणा यजमानांच्या रांगेतून जातो. प्रत्येकाशी उजवा हात मिळवायचा, आणि त्याच वेळी कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवायचं. याला होंगी म्हणतात. दोघांचा श्वास एक होतो. मग चहा.

रांगेत तीस जण असणार होते. त्यांत तौसीफ.

आपली माणसं म्हणून मंडळ येणार होतं. ‘आपला माणूस मॅनेजर’ हा मजकूर ग्रुपवर पडल्यापासून त्र्याण्णव अंगठे आले होते. कोणतं गाणं म्हणायचं यावर मतदान होऊन आरती निवडून आली होती. फोटोंची जबाबदारी सुशांतने स्वतःकडे घेतली.

गुरुनाथने व्हेतूंना विचारलं, हात मिळवणं सक्तीचं आहे का. उत्तर आपुलकीचं होतं. काहींना नाक टेकवणं अवघड वाटतं, तर त्यांनी नुसता हात मिळवला तरी चालतं. नाक ठेवून हात वगळण्याची विचारणा आजवर कोणी केलेली नाही, पण त्या माहिती काढतील.

मग त्याने सुशांतला फोन केला आणि एका दिवसाची सूट मागितली.

“गुरुनाथ, आज हात दिलास, तर उद्या काय देशील?” सुशांत म्हणाला.

“पण नाक टेकवावं लागणार आहे त्याचं काय?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. “ठरावात नाक नाही,” सुशांत शेवटी म्हणाला. “नाक लाव. हात नको.”

अशा रीतीने नाक हा अवयव ठराव चौदाच्या कक्षेबाहेर असल्याचा खुलासा ग्रुपवर प्रसिद्ध झाला.

स्वागताच्या सकाळी विनयाने त्याचा उजवा हात झोळीत बांधला. पंधरा वर्षांची ऋग्वेदा दात घासता घासता दारात उभी राहिली आणि काय झालं म्हणून विचारलं. गुरुनाथने मोठ्या आवाजात सांगितलं की काल संध्याकाळी ट्रेनमध्ये लागलं.

“बाबा, यू वेअर फाइन ॲट डिनर. तू दोन हातांनी पोळी तोडलीस,” ऋग्वेदा म्हणाली.

“मोठ्यांच्या गोष्टी आहेत,” गुरुनाथ म्हणाला. व्हेतूंनाही त्याने तसंच कळवलं. काल संध्याकाळी, ट्रेनमध्ये, किरकोळ. त्या दिवशी तो सात बावीसने गेला नाही. सुशांतच्या गाडीतून गेला.

—

स्वागत सुरेख झालं, हे नमूद केलं पाहिजे. भाषणात त्याच्या पूर्वजांनाही बोलावलं गेलं, तेव्हा अकरा मुलाखतींचं ओझं कुठेतरी उतरल्यासारखं वाटून गुरुनाथचे डोळे भरले. आरती जरा जास्तच वरच्या पट्टीत लागली. मग तो रांगेतून निघाला. झोळी पाहून प्रत्येक जण हात मागे घ्यायचा आणि होंगी थोडी जास्त मायेने करायचा. एक, दोन, पाच, तेरा.

चौदावा तौसीफ. त्याचाही उजवा हात झोळीत.

“तुम्हारा भी?” गुरुनाथ ओठ न हलवता म्हणाला.

“ठराव चौदा,” तौसीफ पुटपुटला. “नंबर बदलना रह गया था.”

दोघांनी कपाळं टेकवली. नाकं टेकवली. चार वर्षं शेजारी बसून इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. तौसीफला वेलदोड्याचा वास होता. हसू आवरायला दोघांनी श्वास रोखला, त्यामुळे ही होंगी बाकीच्यांपेक्षा बरीच लांबली आणि हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. कोणीतरी नाक शिंकरलं. व्हेतूंनी छातीवर हात ठेवला. खात्याच्या प्रसिद्धी विभागाने फोटो काढला. दोन जखमी माणसं, दोन देश, एक श्वास. दुपारपर्यंत तो खात्याच्या सगळ्या मजल्यांवरच्या पडद्यांवर झळकत होता.

सुशांतनेही फोटो काढला. त्याच्या फोटोत नाकं नव्हती, फक्त न मिळवलेला हात होता. ‘असा असतो बाणा’ या शीर्षकाखाली त्याला एकशे चाळीस अंगठे आले. गुरुनाथच्या चार वर्षांच्या प्रवासात तौसीफला मिळाले नसतील इतके लाल बदाम एका झोळीला मिळाले.

पडद्यावरचा फोटो डेबीने पाहिला. डेबी कर्मचाऱ्यांच्या इजा-अपघातांची नोंद ठेवणारी सुरक्षा अधिकारी होती आणि कामात प्रामाणिक होती, एवढंच तिच्याविरुद्ध म्हणता येईल. तिला श्वास दिसला नाही. तिला एकाच खात्यातले, एकाच ट्रेनने जाणारे दोन कर्मचारी दिसले, दोघांचाही तोच हात, त्याच दिवशी. यात काहीतरी घडलेलं आहे आणि जे घडतं त्याचा फॉर्म असतो.

दुसऱ्या दिवशी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्यात आलं. निवेदनं स्वतंत्र आणि गोपनीय. काचेच्या भिंतीतून गुरुनाथला कॉरिडॉरपलीकडच्या खोलीत तौसीफची पाठ दिसत होती. फॉर्म साधा होता: नाव, तारीख, अवयव, ठिकाण. झोळीतला हात बाहेर काढता येत नसल्याने तो डाव्या हाताने लिहीत होता, आणि ते चौथीतल्या मुलासारखं दिसत होतं. मग आली चौकट नऊ.

*९. इजेस कारणीभूत व्यक्ती, असल्यास.*

गुरुनाथने पेन खाली ठेवलं. ‘कोणी नाही, पडलो’ लिहावं, तर कुठल्या डब्यात, कोणत्या पायरीवर, हे तपासलं जाणार, आणि डब्यात कॅमेरे होते. ‘इजा नाही’ हे खरं लिहावं, तर मग झोळी कशासाठी, आणि त्याचं उत्तर म्हणजे वंशावरून भेदभाव, ज्याला आचारसंहितेच्या पहिल्याच पानावर मनाई होती. नव्वदपैकी दुसरा दिवस. अकरा मुलाखती, पुरणपोळी, पुण्याला लागलेला व्हिडिओ कॉल. टेबलावर फोन थरथरला. चौकशीचं त्याने सकाळीच सुशांतला कळवलं होतं; आता त्याचा निरोप होता की ग्रुपवर चर्चा झालीय, एकच उत्तर सगळीकडे चालतं, आणि ते आपल्यालाही शोभतं.

तेही खरं होतं. ते उत्तर खात्याला पटणारं होतं, मंडळाला आवडणारं होतं, कॅमेऱ्यांना खोडता न येणारं होतं. गर्दीत कोणाचा धक्का कोणाला लागला हे कुठलाच कॅमेरा सांगत नाही. फक्त त्यात एका माणसाचं नाव लिहावं लागत होतं.

डाव्या हाताने, एकेक अक्षर कोरत, गुरुनाथने लिहिलं: ‘तौसीफ कुरेशी. गर्दीत धक्का. बहुधा अनवधानाने.’

‘बहुधा’ हा शब्द त्याने मैत्रीखातर घातला.

—

गुरुनाथची नोकरी टिकली. मंडळाने त्याचा शाल देऊन सत्कार केला, तेव्हा शाल घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले आणि त्यात कोणालाही वावगं दिसलं नाही. तौसीफची तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या इमारतीत बदली झाली. बदलीचं कारण गोपनीय आहे. तो आता सात बावीसला नसतो. बोगद्यात गुरुनाथ खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघतो आणि त्याला सगळं स्पष्ट ऐकू येतं.

राहता राहिला पलीकडच्या खोलीतला फॉर्म. तौसीफने चौकट नऊमध्ये काय लिहिलं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असणार. तोही डाव्या हाताने लिहीत होता. त्यालाही नोकरी होती, अंजुमन होती, घरी विचारणारं कोणी होतं. त्याने गुरुनाथचं नाव लिहिलं असेल, तर ही जातच तशी, असं म्हणून तुम्हाला निवांत झोप लागेल. त्याने ‘कोणी नाही, मीच पडलो’ असं लिहिलं असेल, तर नाटकी आहे, असं तुम्ही म्हणाल, किंवा लेखक विकला गेलाय असं. डेबी तो फॉर्म दाखवत नाही. नियम आहे.

म्हणून ती चौकट इथे कोरी छापली आहे.

*९. इजेस कारणीभूत व्यक्ती, असल्यास: ………………………*

पण ती कोरी नाही. आडनाव कुरेशी आहे हे कळलं तेव्हाच तुम्ही ती भरून टाकलीत. काय भरलंत, ते एकदा वाचून पाहा. खाली सही करायची जागा आहे.